क्षीण तेजोमेघांचा वेध

हिवाळ्यांतील एखाद्या निरभ्र रात्रीं मृग नक्षत्राकडे दृष्टि टाकली, म्हणजे मृगाच्या पोटांत रुतलेल्या बाणाचे तीन तारे चटकन् ओळखूं येतात. त्या बाणाच्या खालच्या अंगाला एक अंधुक, धुरकट ठिपका आहे. साध्या डोळ्यांना तो पुसट तारा वाटतो. परंतु लहानशा दुर्बिणींतून पाहिल्यास तो तारा नसून पिंजलेल्या कापसासारखा पसरलेला प्रकाश आहे, असें दिसून येतें. अशा पदार्थांस ज्योतिषशास्त्रांत तेजोमेघ हें नांव मिळालें. मृगांतील तेजोमेघ हा त्यांतल्या त्यांत तेजस्वी. आकाशांतील बहुतेक तेजोमेघ त्याच्याहून कितीतरी पटींनीं क्षीण आहेत, आणि ते पाहण्याच्या कामीं मनुष्याच्या डोळ्याची एक उणीव फार जाचक ठरते. डोळ्याला प्रकाश सांठवितां येत नाहीं. अंधाराला तो एकदां सरावला, कीं पुढें तासभर टक लावूनही अधिक कांहीं दिसत नाहीं.

या उणिवेमुळें एकोणिसाव्या शतकाचा बराच काळ तेजोमेघांचा अभ्यास चित्रकलेवर अवलंबून होता. आयर्लंडमध्यें लॉर्ड रॉस यांनीं ६ फूट व्यासाच्या धातूच्या आरशाची अवाढव्य दुर्बीण उभारली. १८४५ सालीं तींतून पाहतांना सप्तर्षींतील मरीचि ताऱ्याजवळच्या एका तेजोमेघाला भोवऱ्यासारखा पीळ असल्याचें त्यांना आढळलें. निरीक्षकानें दुर्बिणीशीं बसावें, आणि जें दिसलें तें अंधुक उजेडांत कागदावर उतरवावें, अशी त्या काळची रीत होती. परंतु दोघांनीं काढलेलीं एकाच तेजोमेघाचीं चित्रें बहुधा जुळत नसत. एकाला जेथें पीळ दिसे, तेथें दुसऱ्याला नुसतें धुकें दिसे. मग तेजोमेघ बदलला, कीं चित्र काढणारा हात बदलला, या प्रश्नाचा निवाडा करावयास निःपक्षपाती साक्षीदारच नव्हता.

तो साक्षीदार प्रकाशलेखनाच्या कलेनें मिळवून दिला. पूर्वीं फोटोच्या काचा ओल्या असतांनाच वापराव्या लागत. लेप वाळला कीं काच निकामी होई. त्यामुळें कांहीं मिनिटांपलीकडे तिच्यावर प्रकाश घेतां येत नसे. १८७१ सालीं रिचर्ड मॅडॉक्स या इंग्लिश डॉक्टरांनीं जिलेटिनच्या लेपाची कोरडी काच सुचविली, आणि पुढील दहा वर्षांच्या आंत अशा काचा बाजारांत मिळूं लागल्या. कोरड्या काचेवर तासन् तास प्रकाश पडूं देतां येतो, व तो तिच्यावर सांठत जातो. ३० सप्टेंबर १८८० रोजीं अमेरिकेंतील हेन्री ड्रेपर यांनीं ११ इंची भिंगाच्या दुर्बिणीनें मृगांतील तेजोमेघाचें पहिलें छायाचित्र घेतलें. त्यास ५१ मिनिटें लागलीं. दोनच वर्षांनीं, वयाच्या ४५ व्या वर्षीं, ड्रेपर निवर्तले. परंतु रस्ता दाखवून गेले.

त्या रस्त्यावरचें पुढचें पाऊल लंडनच्या पश्चिमेकडील ईलिंग या उपनगरांत पडलें. तेथें अँड्र्यू एन्स्ली कॉमन नांवाचे गृहस्थ राहत. सांडपाण्याच्या व्यवस्थेचे इंजिनिअर हा त्यांचा पेशा, आणि आकाशाचे वेध घेणें हा छंद. १८७९ सालीं त्यांनीं आपल्या घराच्या बागेंत ३६ इंच व्यासाच्या आरशाची दुर्बीण उभी केली. आरसा जॉर्ज कॅल्व्हर या कारागिरानें घडविलेला होता. तो रॉस यांच्या आरशासारखा धातूचा नसून काचेचा होता, व त्याच्या पृष्ठभागावर चांदीचा पातळ मुलामा होता. दुर्बिणीचा जड आंस हलका फिरावा म्हणून तो पाऱ्यावर तरंगत ठेवण्याची युक्ति कॉमन यांनीं योजिली. १८८३ च्या जानेवारींत या दुर्बिणीनें त्यांनीं मृगांतील तेजोमेघाचें जें छायाचित्र घेतलें, त्यांत डोळ्यांना कधींच न दिसलेले तारे उमटले. यंत्राला मनुष्याहून अधिक दिसतें, ही गोष्ट त्या एका काचेनें सिद्ध केली. पुढच्याच वर्षीं लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीनें कॉमन यांस सुवर्णपदक अर्पण केलें.

कॉमन यांची दुर्बीण न्यूटनच्या पद्धतीची होती. अशा दुर्बिणींत नळीच्या तळाशीं खोलगट आरसा असतो. त्यानें गोळा केलेले किरण वर परत येतात, आणि नळीच्या तोंडाजवळ तिरप्या बसविलेल्या लहान सपाट आरशावर आपटून बाजूला वळतात. जेथें ते एकत्र येतात, तेथें फोटोची काच ठेवावयाची. तेजोमेघाचें चित्र किती वेळांत उमटेल, हें नुसत्या आरशाच्या रुंदीवर ठरत नाहीं. आरशापासून काच किती दूर आहे, यावरही तें ठरतें. हें अंतर वाढलें कीं प्रतिमा मोठी होते, आणि तोच प्रकाश अधिक जागेवर पसरतो. चमचाभर तूप लहान भाकरीवर दाट बसतें. तेंच मोठ्या भाकरीवर पसरलें, तर नुसता हात फिरविल्यासारखें होतें. तारा बिंदुरूप असल्यामुळें त्याला ही अडचण फारशी बाधत नाहीं. तेजोमेघ पसरट, म्हणून त्याला ती पुरती बाधते. रुंद आरसा आणि आंखूड अंतर असा मेळ ज्या दुर्बिणींत असतो, ती तेजोमेघांच्या बाबतींत शीघ्र दुर्बीण होय.

आरशाला आणखी एक गुण आहे. भिंगांतून जातांना निरनिराळ्या रंगांचे किरण निरनिराळ्या जागीं एकवटतात, आणि जाड काचेंत जांभळ्या रंगाचा कांहीं प्रकाश मुरून जातो. त्या काळच्या फोटोच्या काचा तर निळ्या-जांभळ्या प्रकाशालाच भुलत. आरसा मात्र सर्व रंग एकाच ठिकाणीं आणतो. असें असूनही पुष्कळ ज्योतिषी भिंगाच्या दुर्बिणीलाच मान देत, आणि त्याला कारणेंही होतीं. चांदीचा मुलामा हवेनें काळवंडे व वरचेवर नवा करावा लागे. आरसा किंचितही लवला कीं प्रतिमा बिघडे. शिवाय खोलगट आरशाचा एक जन्मजात दोष असा, कीं चित्राच्या मध्यापासून दूर असलेल्या ताऱ्यांना धूमकेतूसारख्या शेपट्या फुटतात. आणि दुर्बीण जितकी शीघ्र, तितक्या त्या शेपट्या लांब.

तरीही छंदी लोकांनीं आरशाचा नाद सोडला नाहीं. लिव्हरपूलजवळ मघल या गांवीं आयझॅक रॉबर्ट्स यांनीं डब्लिनच्या ग्रब यांच्या कारखान्यांतून २० इंची आरशाची शीघ्र दुर्बीण करवून घेतली. २९ डिसेंबर १८८८ च्या रात्रीं त्यांनीं देवयानी नक्षत्रांतील मोठ्या तेजोमेघाचें छायाचित्र घेतलें. आजवर नुसत्या लांबट धुक्यासारख्या भासणाऱ्या त्या तेजोमेघाला वाटोळे पदर असल्याचें त्या चित्रांत प्रथम स्पष्ट दिसलें. ही सूर्यमालेसारखी नवी माला जन्मास येत आहे, असा रॉबर्ट्स यांनीं त्याचा अर्थ लावला. तो अर्थ पुढें चुकीचा ठरला; परंतु चित्र खरें होतें, आणि तें खरेंच राहिलें.

मराठी श्रोत्यांना या हकीकतींत एक जवळचा धागा सांपडेल. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्यें भावनगरच्या तख्तसिंहजी महाराजांच्या देणगीच्या साह्यानें १८८८ सालीं एक वेधशाळा निघाली. प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला हे तिचे चालक. तेथील २० इंची आरशाची दुर्बीण डब्लिनच्या त्याच ग्रब यांची असून, त्या काळीं ती हिंदुस्थानांतील सर्वांत मोठी गणली जाई. नायगमवाला यांचा ओढा छायाचित्रांपेक्षां वर्णपटाकडे अधिक होता, आणि तेजोमेघांच्या वर्णपटाचाही त्यांनीं अभ्यास केला. १९१२ सालीं ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली, आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. चालविणारा एकच मनुष्य असला, म्हणजे उत्तम यंत्राचेंही काय होतें, याचें हें एक उदाहरण होय.

कॉमन यांच्या ३६ इंची दुर्बिणीवरही असाच प्रसंग ओढवण्याची वेळ आली होती. कॉमन यांना अधिक मोठ्या आरशाचा ध्यास लागला, आणि १८८५ सालीं त्यांनीं ही दुर्बीण हॅलिफॅक्स येथील धनिक कारखानदार एडवर्ड क्रॉस्ले यांना विकली. क्रॉस्ले यांनीं तिच्यासाठीं नवा घुमट बांधला. परंतु हॅलिफॅक्स हें गिरण्यांचें गांव. तेथल्या ढगाळ, धुरकट हवेंत क्षीण तेजोमेघ दिसावे कसे? अखेरीस १८९५ सालीं क्रॉस्ले यांनीं दुर्बीण आणि घुमट कॅलिफोर्नियांतील लिक वेधशाळेला देऊन टाकलीं. नेण्याआणण्याचा खर्च कॅलिफोर्नियांतील देणगीदारांनीं सोसला. माउंट हॅमिल्टन या सुमारें ४,२०० फूट उंचीच्या डोंगरावरील ही वेधशाळा तेथील ३६ इंची भिंगाच्या दुर्बिणीसाठीं जगप्रसिद्ध होती. जिच्या पैशानें ती उभी राहिली त्या जेम्स लिक यांचा देहही त्या दुर्बिणीच्या पायाखालींच पुरलेला आहे. अशा मानाच्या घरांत क्रॉस्ले दुर्बीण सावत्र लेकरासारखी आली.

तिचें स्वागतही तसेंच झालें. तिचा सांगाडा इंग्लंडच्या अक्षांशासाठीं बांधलेला. कॅलिफोर्नियांत ध्रुवतारा कितीतरी खालीं दिसतो, म्हणून तिचा आंस नव्यानें कलता करावा लागला. सांगाडा डळमळीत, घड्याळाची चाल अनियमित. वेधशाळेचे संचालक एडवर्ड होल्डन आणि त्यांचे सहकारी यांचें आधींच पटत नव्हतें. त्यांत ही दुर्बीण भांडणाला नवें निमित्त झाली. होल्डन यांनीं विल्यम हसी यांना तिच्यावर काम करण्यास सांगितलें, तेव्हां हें यंत्र कामाचें नाहीं, म्हणून हसी यांनीं तें साफ नाकारलें. १८९७ सालीं होल्डन यांस राजीनामा द्यावा लागला. दुर्बीण घुमटाखालीं पडून राहिली.

१८९८ सालीं जेम्स कीलर हे नवे संचालक म्हणून डोंगरावर आले. त्याच वर्षीं २२ जानेवारीला खग्रास सूर्यग्रहण झालें होतें. तें पाहण्यासाठीं लिक वेधशाळेचे विल्यम कॅम्पबेल सोलापुराकडील जेऊर येथें तळ देऊन राहिले होते, आणि पुण्याच्या नायगमवाला यांचाही तळ तेथेंच होता. कीलर यांचें नांव तेव्हां सर्वतोमुखीं होतें. शनीचीं कडीं अखंड नसून असंख्य सुट्या कणांचीं बनलेलीं आहेत, हें त्यांनीं १८९५ सालीं वर्णपटाच्या साह्यानें दाखवून दिलें होतें. संचालक या नात्यानें वेधशाळेंतील मोठी भिंगाची दुर्बीण ते स्वतःकडे ठेवूं शकले असते, आणि कोणी त्यांना बोल लावला नसता. परंतु तिच्यावरचें वर्णपटाचें काम त्यांनीं कॅम्पबेल यांच्या हातीं राहूं दिलें, आणि जिला कोणी हात लावीत नव्हतें ती क्रॉस्ले दुर्बीण आपल्याकडे घेतली.

हा केवळ मनाचा मोठेपणा नव्हता. त्यामागें हिशेबही होता. दोन्ही दुर्बिणींची रुंदी सारखी, ३६ इंच. परंतु मोठ्या भिंगाचे किरण एकवटावयास सुमारें ५७ फूट लागत, तर क्रॉस्ले आरशाला साडेसतरा फूट पुरत. म्हणजे तेजोमेघाचा तोच प्रकाश क्रॉस्ले दुर्बिणींत ढोबळ मानानें दहापट दाट होऊन काचेवर पडे. जें चित्र एका दुर्बिणीला चार तासांत साधे, त्याला दुसरीला अनेक रात्री वेंचाव्या लागल्या असत्या.

मात्र तें चित्र साधावयाचें तर आधीं यंत्र सुधारणें भाग होतें. कीलर यांनीं दुर्बिणीचा चौथरा उतरविला, सांगाडा घट्ट केला, घड्याळाची चाल सुधारली. तरीही चार तास यंत्रावर भरंवसा टाकून बसण्याची सोय नव्हती. काचेच्या कडेला एक लहान भिंग बसविलेलें असे, आणि त्यांत एक वाटाड्या तारा दिसे. तो तारा भिंगांतल्या सूक्ष्म तारांच्या फुलीवरून तसूभर न ढळेल, असें पाहावयाचें. ढळूं लागला कीं दोन्ही हातांतील स्क्रूंनीं काचच किंचित् सरकवावयाची. घुमटाखालीं थंडी, अंधार, पायाखालीं उंच मचाण, आणि डोळा भिंगाला लावलेला. एका क्षणाची डुलकी लागली, तर रात्रभराचें काम फुकट. अशा रात्रीमागून रात्री कीलर यांनीं काढल्या.

त्या श्रमांचें फळ अपेक्षेच्या पलीकडचें निघालें. ज्या तेजोमेघाला रॉस यांनीं पीळ पाहिला होता, त्याचें चित्र आतां असें उमटलें, कीं शंकेला जागा राहिली नाहीं. परंतु खरा चमत्कार काचांच्या कोपऱ्यांत होता. एका मोठ्या तेजोमेघाचें चित्र घ्यावें, तों त्याच काचेवर इतर अनेक बारीक तेजोमेघ उमटलेले असावेत, आणि त्यांची कोणत्याही यादींत नोंद नसावी. १८८८ सालीं ड्रायर यांनीं तयार केलेल्या सुप्रसिद्ध यादींत तेजोमेघ व तारकागुच्छ मिळून ७,८४० पदार्थ होते. कीलर यांनीं आपल्या काचांवरून हिशेब केला, तेव्हां क्रॉस्ले दुर्बिणीच्या टप्प्यांत निदान १,२०,००० तेजोमेघ येतील, असा अंदाज निघाला. आणि त्यांतले बहुतेक पिळाचे! आजवर जो आकार अपवाद म्हणून गणला जाई, तोच नियम ठरला.

१८९९ सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान परिषदेनें कीलर यांस पदक दिलें. योगायोग असा, कीं तें पदक पहिलें छायाचित्र घेणाऱ्या हेन्री ड्रेपर यांच्याच नांवाचें होतें. परंतु काम अर्ध्यावर असतांनाच, १२ ऑगस्ट १९०० रोजीं, कीलर सॅन फ्रान्सिस्को येथें मृत्यु पावले. त्यांच्या वयाला ४३ वर्षेंही पुरीं झालीं नव्हतीं. क्रॉस्ले दुर्बीण त्यांच्या हातीं उणींपुरीं दोन वर्षें होती. त्यांच्या अस्थि पुढें पिट्सबर्गच्या अ‍ॅलेघनी वेधशाळेंत एका दुर्बिणीच्या पायथ्याशीं ठेवण्यांत आल्या. त्या दुर्बिणीला कीलर यांचें नांव आहे, आणि ती आरशाची आहे.

पुण्याच्या वेधशाळेचें जें झालें, तें येथें झालें नाहीं. कीलर यांचें काम चार्ल्स पेराइन यांनीं उचललें. डळमळीत सांगाडा टाकून त्यांनीं दुर्बिणीला नवा सांगाडा दिला, आणि १९०४ व १९०५ सालीं याच दुर्बिणीनें गुरूचे सहावा व सातवा हे उपग्रह शोधून काढले. कीलर यांनीं आरंभिलेल्या चित्रांचा ग्रंथ १९०८ सालीं प्रसिद्ध झाला. पेराइन गेल्यावर दुर्बीण हीबर कर्टिस यांच्या हातीं आली. १९१८ सालीं त्यांनीं ७६२ तेजोमेघांचें व गुच्छांचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्यांत कन्या राशींतील एका तेजोमेघाच्या मध्यांतून निघालेल्या सरळ प्रकाशरेषेची नोंद आहे. ही रेषा काय असावी, हें त्या वेळीं कोणालाच उलगडलें नाहीं. १० एप्रिल २०१९ रोजीं कृष्णविवराचें जें पहिलें चित्र जगापुढें आलें, तें त्याच तेजोमेघाच्या गाभ्याचें होय.

हे पिळाचे तेजोमेघ म्हणजे काय, हा प्रश्न मात्र अजून उरला होता. २६ एप्रिल १९२० रोजीं वॉशिंग्टन येथें कर्टिस आणि हार्लो शॅप्ले यांनीं त्यावर आपापलीं मतें मांडलीं. शॅप्ले यांच्या मतें ते आपल्या आकाशगंगेचेच लहानसे अंकित होते. कर्टिस यांनीं क्रॉस्ले दुर्बिणीच्या काचांचा आधार घेऊन सांगितलें, कीं तीं आकाशगंगेसारखींच स्वतंत्र विश्वें आहेत. १९२३ च्या ऑक्टोबरांत एडविन हबल यांना माउंट विल्सनच्या १०० इंची आरशाच्या दुर्बिणीनें देवयानींतील तेजोमेघांत एक रूपविकारी तारा सांपडला, व त्यावरून अंतर मोजतां आलें. तो तेजोमेघ आकाशगंगेच्या कितीतरी बाहेर निघाला. आजच्या मोजमापाप्रमाणें तें अंतर सुमारें २५ लक्ष प्रकाशवर्षें आहे. पिळांच्या बाबतींत कर्टिस यांचें म्हणणें खरें ठरलें. मृगांतील तेजोमेघ मात्र खरोखरीचा मेघ, आपल्याच आकाशगंगेंतला. दोन निराळ्या वस्तूंना डोळ्यानें एकच नांव दिलें होतें.

कीलर यांच्या काचांनीं दुसराही एक वाद मिटविला. १८९७ सालीं यर्क्स वेधशाळेंत ४० इंची भिंगाची दुर्बीण उभी राहिली. वेध घेण्याच्या उपयोगांत तिच्याहून मोठें भिंग पुढें कधींच आलें नाहीं. यापुढें मोठ्या दुर्बिणी आरशाच्याच झाल्या : १९०८ सालीं ६० इंचांची, १९१७ सालीं १०० इंचांची, १९४८ सालीं २०० इंचांची. क्रॉस्ले दुर्बीणही १०० वर्षांहून अधिक काळ राबली, आणि २०१० सालीं तिला विश्रांति मिळाली.

आज छंदी मनुष्य आपल्या गच्चीवर आठ-दहा इंची आरशाची शीघ्र दुर्बीण मांडून त्याच तेजोमेघांचीं चित्रें घेतो. कडेच्या ताऱ्यांच्या शेपट्या आवरण्यासाठीं एक जोडभिंग मिळतें, काचेची जागा विजेवर चालणाऱ्या प्रकाशग्राहकानें घेतली आहे, आणि वाटाड्या ताऱ्यावर नजर ठेवण्याचें कीलर यांचें काम एक लहान कॅमेरा बिनतक्रार करतो. मूळ तत्त्व मात्र बदललेलें नाहीं. रुंद आरसा, आंखूड अंतर, आणि प्रकाश सांठेपर्यंत थांबण्याची तयारी, या तिहींवांचून क्षीण तेजोमेघ हातीं येत नाहीं. पहिल्या दोन गोष्टी क्रॉस्ले दुर्बिणींत प्रथमपासूनच होत्या. तिसरी घेऊन कीलर आले, तेव्हांच ती टाकून दिलेली दुर्बीण कामास लागली.